मदतीच्या पोत्यापासून स्वतःच्या झाडापर्यंत : नायजरमधल्या मराडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी मेळाव्यांत आणि बचत गटांच्या बैठकांत मी नायजर या आफ्रिकी देशातल्या मराडी भागाची गोष्ट सांगतो: बाहेरच्या मदतीची वाट पाहणाऱ्या गावांनी तोडलेल्या झाडांच्या फुटव्यांतून शेतात पुन्हा झाडं वाढवली, आणि बायकांनी स्वतःच्या पैशांतून बचतीचे गट चालवले. घरी पोचायच्या आत फोनवर प्रश्न येऊ लागतात. बहुतेक प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मराडी कुठे आहे? नायजर म्हणजेच नायजेरिया ना?

नाही, हे दोन वेगळे देश आहेत. नायजर नायजेरियाच्या उत्तरेला आहे, त्याला समुद्रकिनारा नाही आणि त्याचा मोठा भाग सहारा वाळवंटाने व्यापलेला आहे. बहुतेक लोक दक्षिणेच्या अरुंद पट्ट्यात राहतात. मराडी त्याच पट्ट्यात, नायजेरियाच्या सीमेला लागून आहे. भाषा मुख्यतः हौसा, धर्म इस्लाम. पाऊस तीन-चार महिन्यांचा, साधारण जून ते सप्टेंबर, आणि चांगल्या भागातही तो पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपासच पडतो. पिकं बाजरी, ज्वारी, चवळी आणि भुईमूग. माणदेशातल्या माणसाला ही यादी वाचून दाखवली की तो म्हणतो, "म्हणजे आमच्यासारखंच की." जमीन मात्र आपल्या मुरमाड रानापेक्षा वेगळी, निव्वळ रेताड आहे.

२. तिथले लोक मदतीवर जगत होते म्हणजे नेमकं काय होत होतं?

गावं बारा महिने फुकट खात होती, असा याचा अर्थ नाही. शेती चालूच होती. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, मोठा दुष्काळ पडला, १९८४ साली पुन्हा पडला, आणि दर वेळी धान्य, बियाणं, रोपं, औजारं बाहेरून आली. १९८४ साली तर नायजेरियाने सीमाही बंद केली होती. मराडीचा सगळा व्यापार दक्षिणेशी, त्यामुळे बाजारात धान्य येणंही अवघड झालं.

आपल्याकडे १९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून लाल मिलो ज्वारीची आणि सुकडीची आठवण काढतात. खडी फोडून, बंडिंग करून लोक जगले. त्या धान्याने जीव वाचले, यात वाद नाही. मराडीतही वाचले. पुढे अडचण अशी झाली की गावाचं कोणतंही काम "यंदा प्रकल्प काय देणार?" या प्रश्नाने सुरू होऊ लागलं.

३. मग बाहेरच्या संस्थांनी झाडं लावली आणि चित्र बदललं, असंच ना?

सर्वांत जास्त येणारा गैरसमज हाच आहे. झाडं लावली होती, पण ती जगली नाहीत. उन्हाळी वाऱ्यात रोपं वाळूखाली गाडली जायची, उरलेली शेळ्या खायच्या. टोनी रिनॉडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८१मध्ये एका ख्रिस्ती मिशनच्या कामासाठी नायजरमध्ये आला आणि मराडी भागात रोपलागवडीचंच काम करू लागला. बहुतेक रोपं मेली.

१९८३मध्ये एकदा रेताड रस्त्यावर गाडी रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी करायला तो थांबला. समोरच्या उजाड रानात इकडेतिकडे खुरटी झुडपं होती. एकाचं पान त्याने जवळून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की हे झुडूप नाही. हे तोडलेल्या झाडाचं बुंध आहे, आणि मुळं जिवंत असल्याने त्याला दर वर्षी फुटवे येत आहेत. शेतकरी पेरणीआधी रान साफ करताना ते फुटवे कापून जाळत होते. म्हणजे जंगल जमिनीखाली शाबूत होतं, त्याला फक्त वर येऊ द्यायचं होतं.

फुटव्यातून झाड वाढवायची रीत त्याने शोधली असं मात्र म्हणू नका. ती जगभर जुनी आहे, आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. त्याने जे केलं ते म्हणजे रोपवाटिकेवरची नजर काढून शेतातल्या बुंधाकडे वळवली.

४. प्रत्यक्षात करतात काय? खर्च किती येतो?

शेतातली जिवंत बुंधं हेरायची. एका बुंधाला वीस-पंचवीस फुटवे असतील, तर त्यातले सरळ, जोमदार असे तीन ते पाच ठेवायचे आणि बाकीचे कापायचे. ठेवलेल्या फुटव्यांच्या खालच्या, निम्म्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या छाटायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हवं तर दर वर्षी एक जाड फुटवा सरपणासाठी किंवा घराच्या वाशासाठी काढायचा आणि त्याच्या जागी नवा येऊ द्यायचा. गुरांपासून आणि आगीपासून राखायचं.

औजार म्हणाल तर कुऱ्हाड किंवा कोयता, जे घरात आहेच. रोप नाही, खड्डा नाही, पाणी नाही, कुंपण नाही. शेतकऱ्यांनी याला हौसात "सस्साबिन झमानी" म्हटलं, म्हणजे "नव्या काळाची रान-साफसफाई". मला हे नाव फार आवडतं. पेरणीआधी रान साफ करणं हे त्यांचं दर वर्षीचं कामच होतं. त्यातच दोन-चार फुटवे सोडायचे होते.

५. लोकांनी हे लगेच स्वीकारलं का?

नाही. पिकात झाड ठेवणारा माणूस आळशी, असं गावात मानलं जाई. चांगलं शेत म्हणजे झाडून पुसून मोकळं केलेलं शेत. पहिल्या काही शेतकऱ्यांची टिंगल झाली, त्यांनी राखलेली झाडं रात्रीतून चोरीलाही गेली. रिनॉडोला लोक वेडा गोरा शेतकरी म्हणत.

मग १९८४चा दुष्काळ आला आणि कामाच्या बदल्यात धान्य द्यायची योजना सुरू झाली. अट अशी की हेक्टरी चाळीस झाडं राखा. शंभराच्या आसपास गावांत सुमारे पाच लाख झाडं उभी राहिली. पुढच्या हंगामात पाऊस झाला, धान्यवाटप थांबलं आणि लोकांनी यातली दोन तृतीयांशहून जास्त झाडं तोडून टाकली.

मेळाव्यात मी इथे जरा थांबतो. कोणी हसतं, कोणी मान हलवतं, कारण अनुदान संपल्यावर काय होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या झाडांना लोक धान्याची पावती समजत होते. पावती वटली, झाड गेलं.

पण एक तृतीयांशहून कमी का होईना, काही राहिली. ज्यांनी ठेवली त्यांच्या शेतात पुढच्या वर्षी वारा अडला आणि बाजरी बरी आली. ज्यांनी तोडली त्यांना शेजाऱ्याचं शेत रोज दिसत होतं. इथून पुढे हे काम धान्य न देता पसरलं, बांधावरून बांधावर.

६. शेतकऱ्याच्या शेतातलं झाड शेतकऱ्याचंच असणार. मग ते आधी का राखत नव्हते?

कारण ते त्याचं नव्हतं. फ्रेंच राजवटीत १९३५च्या वनकायद्याने झाडांवर सरकारचा हक्क आला, आणि स्वातंत्र्यानंतरही बराच काळ तीच रीत चालली. शेतातलं झाड तोडायला, काही वेळा नुसतं छाटायलाही, वनखात्याची परवानगी लागे, नाहीतर दंड. मग झाड वाढू कशाला द्यायचं? शेतकऱ्याच्या दृष्टीने कोवळा फुटवा कापून टाकणंच सुरक्षित होतं.

ऐंशीच्या दशकात मराडीच्या वनअधिकाऱ्यांनी स्थानिक पातळीवर हा नियम सैल सोडला: जो झाड राखेल, त्याला त्याचं लाकूड घेऊ द्यायचं. कागदावरचा कायदा बदलायला पुढे अनेक वर्षं गेली. शेतकऱ्याने राखलेल्या झाडांबद्दलचं स्वतंत्र फर्मान नायजरने २०२० साली काढलं.

उलट उदाहरणही नायजरमध्येच आहे. मज्जिया खोऱ्यात १९७५पासून एका मोठ्या संस्थेच्या मदतीने कडुनिंबाच्या दुहेरी रांगा लावल्या गेल्या. कडुनिंब हे आपल्याकडूनच तिकडे गेलेलं झाड. रांगा शेकडो किलोमीटर लांबीच्या झाल्या, वारा अडला, पीकही सुधारलं. पण ही झाडं प्रकल्पाची की सरकारची की आपली, हे शेतकऱ्यांना बराच काळ उमगेना. छाटणी कोणी करायची, लाकूड कोणी घ्यायचं, यावर गाडी अडून राहिली. मला कोणी मराडीचं मर्म एका शब्दात विचारलं तर मी "झाड" म्हणत नाही, "मालकी" म्हणतो. हाच धागा प्रश्न ९मध्ये पुन्हा येतो.

७. झाडाच्या सावलीने पीक खुरटत नाही का?

झाड कोणतं आणि किती दाट, यावर ते ठरतं. मराडीत सर्वांत मानाचं झाड म्हणजे गाव. (हौसातलं हे नाव आपल्या "गाव"सारखंच ऐकू येतं, म्हणून भाषणात गोंधळ होतो.) बाभळीच्या नात्यातल्या या काटेरी झाडाचं वागणं उलटं आहे. पावसाळ्यात, म्हणजे पीक उभं असताना, ते पानं गाळतं, आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं. त्यामुळे पिकावर सावली पडत नाही, नत्र जमिनीला मिळतं आणि ऐन टंचाईत गुरांना शेंगा मिळतात.

बाकीची नावं ऐकून आपला माणूस चकित होतो. बोर आहे, चिंच आहे, हिंगणबेट आहे. गोरखचिंच आहे, तिच्या पानांची भाजी तिथे रोजच्या जेवणात असते. कलगो नावाचं झाड आपल्या आपट्याचं भावंड आहे, पान तसंच दोन पाकळ्यांचं.

दाट सावलीची झाडं शेतकरी कमी ठेवतात किंवा जोरात छाटतात. कोणती आणि किती ठेवायची हे ज्याचं तो ठरवतो. हेक्टरी चाळीसचा नियम आता कोणी लादत नाही.

८. पन्नास लाख हेक्टर, वीस कोटी झाडं हे आकडे फुगवलेले नाहीत ना?

शंका रास्त आहे. हे अंदाज आहेत, पण हवेतले नाहीत. साधारण २००४पासून डच भूगोलतज्ज्ञ ख्रिस राइज आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे ग्रे टॅपन यांनी सत्तरच्या दशकातले हवाई फोटो नव्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहिले आणि गावोगाव फिरून खातरजमा केली. दक्षिण नायजरमधल्या सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं वाढलेली दिसली, मुख्यतः मराडी आणि झिंदर भागांत. हेक्टरी सरासरी चाळीस धरली की २० कोटी होतात. यामुळे वर्षाला सुमारे ५ लाख टन जादा धान्य पिकतं, हा अंदाज त्याच अभ्यासातून आला आहे. तो आकडा मी जपून वापरतो, कारण त्यात पावसाचा वाटा किती आणि झाडाचा किती, हे वेगळं काढणं अवघड असतं.

मला जास्त बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट. हे सगळं वीस वर्षं चालू होतं आणि राजधानीतही फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. उद्घाटन नाही, फलक नाही.

९. "माता मासु दुबारा" म्हणजे काय? आपली भिशीच ना?

नातं भिशीशीच आहे. हौसात "माता" म्हणजे बायका, आणि नावाचा अर्थ "युक्तीबाज बायका". १९९१ साली केअर या संस्थेने मराडी भागातच हे गट सुरू केले. बायकांची स्वतःची भिशी तिथे आधीपासून होती, तिला "अदाशी" म्हणतात: सगळ्यांनी ठराविक रक्कम टाकायची, पाळीपाळीने एकीने उचलायची. अडचण आपल्याकडच्यासारखीच. पाळी येईल तेव्हा गरज नसते, आणि गरज असते तेव्हा पाळी नसते.

नव्या गटात तीसेक बायका दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकतात. ज्या बाईला गरज आहे तिला त्यातून कर्ज मिळतं, व्याज गटच ठरवतो आणि ते गटातच राहतं. नऊ ते बारा महिन्यांनी सगळी रक्कम व्याजासकट वाटून घ्यायची आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून हिशेब तोंडी: कोणी किती टाकलं, कोणाकडे किती आहे, हे सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायचं आणि लक्षात ठेवायचं. पुढे हीच पद्धत इतर देशांत गेली तेव्हा पैशांच्या पेटीला तीन कुलपं आणि तीन किल्ल्या तिघींकडे, अशी रीत रुळली.

संस्थेने गटात स्वतःचा पैसा टाकला नाही. फक्त शिकवलं. पेटीतला प्रत्येक फ्रँक कोणत्या तरी बाईचा होता, म्हणून तो बुडू नये याची काळजी तीसही जणींना होती. दानाचा पैसा पेटीत गेला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज प्रश्न ५ वाचून येईल.

१०. आपल्या बचत गटांपेक्षा हे वेगळं कसं?

आपल्याकडे नाबार्डने १९९२ साली ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला, म्हणजे मराडीच्या जेमतेम वर्षभर नंतर. आपला गट पुढे बँकेच्या कर्जाकडे जातो आणि वर्षानुवर्षं तीच रक्कम वाढवत नेतो. मराडीचा गट बँकेकडे जात नाही, कारण गावाच्या आसपास बँकच नव्हती, आणि वर्षअखेर पेटी रिकामी करतो. रक्कम लहान राहते, हा तोटा आहे. पण घोटाळा साठून राहत नाही आणि जिला सोडायचं तिला दर वर्षी दार उघडं असतं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, असं माझं मत आहे.

या गटांनी गरिबी हटते का? घाना, मलावी आणि युगांडा इथल्या अशाच गटांचा मोठा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांचे छोटे धंदे सुधारले, घरात त्यांच्या शब्दाला वजन आलं, पण घरच्या एकूण खर्चात सरासरी फरक दिसला नाही. हे लपवू नये.

११. झाडांचा फायदा शेतमालक पुरुषालाच होतो. बायकांच्या हाती काय आलं?

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सरपणासाठी रोज सरासरी अडीच तास चालणारी बाई आता अर्ध्या तासात मोळी आणते, अशी नोंद आहे. जिने हंडा किंवा मोळी डोक्यावर वाहिली आहे तिला या दोन तासांची किंमत समजावून सांगावी लागत नाही. दुसरं म्हणजे गोरखचिंचेच्या पानांची विक्री, जी अनेक ठिकाणी बायकांच्या हाती आहे. तिसरं म्हणजे शेळ्या, कारण चारा जवळ आला. शेळीचे पहिले पैसे बऱ्याचदा प्रश्न ९मधल्या पेटीतून येतात. जमीन बहुतांशी पुरुषांच्याच नावावर आहे, हे खरं आहे, आणि ते बदललेलं नाही.

१२. यात कोणाचं नुकसान झालं का?

झालं. फुलानी मेंढपाळ-गवळी पूर्वी कापणीनंतर मोकळ्या शेतांतून जनावरं चारत जात. शेतात राखलेली झाडं आली तशी "आमच्या झाडाला हात लावू नका" ही भाषा आली. आपल्या धनगरांना बांधाबांधावर काय ऐकावं लागतं ते आठवा. भूमिहीनांचंही तेच. पूर्वी सरपण कुठूनही आणता येई, आता झाडाला मालक आहे.

मराडी भागातल्या आगियेजवळच्या दान सागासारख्या गावांनी यावर समित्या नेमल्या. कोणी किती तोडायचं, चोरीला दंड किती, गुरांची वाट कुठून, हे समिती ठरवते, आणि त्यात मेंढपाळांना आणि बायकांना बसवतात. जिथे समिती नाही तिथे भांडणं आहेत.

१३. मराडी स्वयंपूर्ण झाली म्हणता, मग २००५ साली तिथेच मुलं कुपोषणाने का मेली?

हा प्रश्न टाळता येत नाही. २००४मध्ये पाऊस कमी पडला, टोळधाड आली, भाव भडकले, आणि २००५मध्ये मराडीत कुपोषित मुलांची उपचार केंद्रं भरून गेली. झाडं राखलेल्या गावांना सरपण, पाला, शेंगा विकून धान्य घेता आलं आणि तिथे झळ कमी बसली, असं गावांतून सांगितलं गेलं. पण झळ बसलीच. २०१०मध्ये आणि २०१२मध्ये पुन्हा टंचाई आली.

शिवाय २०१२च्या पाहणीत नायजरमध्ये दर बाईमागे सरासरी ७.६ मुलं होती. वाढलेलं धान्य वाढलेल्या तोंडांना वाटलं जातं.

म्हणून मी "स्वयंपूर्ण" हा शब्द मोठ्या अर्थाने वापरत नाही. दुष्काळात या भागाला मदत लागते, पुढेही लागेल. बदललं ते इतकंच की साध्या वर्षी शेत राखायला, शेळी घ्यायला, पोराच्या औषधाला गाव प्रकल्पाची वाट पाहत नाही. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

१४. २०२३च्या सत्तापालटानंतर हे सगळं कोलमडलं का?

जुलै २०२३मध्ये लष्कराने सत्ता घेतली. अनेक देशांनी सरकारला देत असलेली मदत थांबवली, शेजारी देशांच्या संघटनेने निर्बंध लादले, नायजेरियाने सीमा बंद केली आणि वीज तोडली. २०२४च्या फेब्रुवारीत निर्बंध उठवले गेले. मराडीला सीमाबंदी नेहमीच जास्त लागते (प्रश्न २ पाहा), आणि वायव्य नायजेरियातल्या सशस्त्र टोळ्यांमुळे निर्वासितही इकडे आले आहेत. झाडं आणि पेट्या मात्र राजधानीतल्या निधीवर उभ्या नव्हत्या, म्हणून निधी थांबला तेव्हा त्या आपोआप बंद पडण्याचं कारण नव्हतं.

१५. मराडीबाहेर कुठे हे चाललं का?

इथिओपियाच्या दक्षिणेतल्या हुम्बो इथे. तिथे १९८४च्या दुष्काळानंतर बरीच वर्षं बाहेरची मदत चालू होती. उजाड डोंगरावरची २,७२८ हेक्टर जमीन गावांच्या सात सहकारी संस्थांनी राखली, फुटव्यातून जंगल आलं, आणि २००९ साली तो संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत कार्बन प्रकल्प, म्हणजे झाडांनी हवेतला कार्बन शोषल्याबद्दल पैसे मिळवून देणारा प्रकल्प, म्हणून नोंदला गेला. कार्बनचे पैसे या संस्थांना मिळाले. तिथे शेत नव्हतं, सामाईक डोंगर होता, म्हणून आधी हक्काचे कागद संस्थांच्या नावावर करून घ्यावे लागले.

१६. मी दरमहा पैसे देऊन आफ्रिकेतल्या एका मुलाचा खर्च उचलतो. ते बंद करू का?

नको. तो पैसा शाळेत, दवाखान्यात जात असेल तर त्याचा उपयोग आहे, आणि तुमच्या मनातल्या आस्थेवर पाणी ओतायची माझी इच्छा नाही. फक्त संस्थेला तीन गोष्टी विचारा. त्या गावातून तुम्ही कधी बाहेर पडणार? जाताना मालमत्ता कोणाच्या नावावर राहील? लोकांनी स्वतःचं काय घातलं आहे? उत्तरं नीट मिळाली तर पैसे देत राहा. टाळाटाळ झाली तर त्याच देशातली दुसरी संस्था शोधा.

१७. आमच्या कोरडवाहू रानात हे करून पाहता येईल का?

येईल. आपल्या अनेक गावांत कुऱ्हाडबंदी झाली आणि तिने चांगलं काम केलं, पण मराडीची रीत कुऱ्हाडबंदीची नाही, कुऱ्हाड शहाणपणाने चालवायची आहे. दोन्हींत गल्लत करू नका.

उन्हाळ्यात बांधावर आणि पडीक तुकड्यात फिरून बोर, हिंगणबेट, आपटा, पळस यांची जिवंत बुंधं मोजा. पहिल्या वर्षी दहा-पंधराच घ्या. पाऊस सुरू व्हायच्या आत छाटणी करा, घाव स्वच्छ आणि तिरका द्या म्हणजे पाणी साचणार नाही. शेळ्यांपासून राखायला बोरीच्या काट्या भोवती रोवा. साग, मोह, खैर अशी अनुसूचित (कायद्याच्या यादीतली) झाडं तोडायला महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते, तेव्हा अशा झाडांना हात लावण्याआधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि शेजाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाहीतर तो तुमचे फुटवे झुडूप समजून पेटवून देईल.